मांडीवरचं पागोटं

पूनमसिंगाला लाकडाचं भारी वेड. घरचं शेत होतं, बैल होते, कापूस बरा व्हायचा. सुतारकी करायची त्याला काही गरज नव्हती. पण हातात रंधा आला की हा माणूस जेवण विसरायचा. तांड्यातल्या निम्म्या घरांत त्याने फुकट करून दिलेले पाट न् चौरंग होते. याच्या टोपीतूनही भुसा निघतो, असं त्याची बायको रामीबाई म्हणायची. तोवर सगळं ठीक होतं. पुसदच्या बाजारातल्या हॉटेलात त्याने रेडिओवर ती गिटार ऐकली नसती, तर पुढेही ठीकच राहिलं असतं.

बासष्ट साल असेल. पुसदच्या एका कंपाउंडरकडे तसली गिटार होती, ती बघायला हा पठ्ठ्या बैल झाडाला बांधून तासभर त्याच्या ओसरीवर बसून राहिला. पोळपाट घ्यावा तशी ती मांडीवर आडवी घ्यायची. तारा बोटांनी दाबायच्या नाहीत, लोखंडाची गुळगुळीत कांडी नुसती त्यांच्यावरून सरकवायची. सूर असा लांबत, वळत जायचा की पूनमसिंगाचे डोळे भरून आले. घरी येताना त्याने रामीबाईने सांगितलेलं मीठ आणलंच नाही.

मग काय, लागला ना नादाला! मोडक्या बैलगाडीची जुनी सागवानी फळी काढली, हॉटेलवाल्याकडून चहाचं खोकं आणून त्याचं पातळ लाकूड वर बसवलं, म्हशीच्या शिंगाची पट्टी घासून तारा उंच उचलल्या. गॅरेजमधून ट्रकच्या इंजिनातली एक पोलादी पिन मागून आणली, तीच कांडी. तारा कंपाउंडरने नागपूरहून मागवून दिल्या. सगळं जुळलं आणि वाजवून पाहिलं, तर आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा.

तो सुधारला धावजीने. धावजी तांड्याचा ढाडी. ढाडी म्हणजे भाट: लग्नात सारंगीवर गोर, म्हणजे बंजारा, घराण्यांच्या पिढ्या गायच्या आणि लग्नघरचं दान घ्यायचं, हा त्यांचा पिढीजात हक्क. गोर लोक त्यांना धान्य देतात, गोड बोलतात, पण ओसरीच्या वर घेत नाहीत आणि पोरी तर देतच नाहीत. तर या धावजीने ती गिटार हातात घेतली, तारांखालची घोडी बोटाने चाचपली आणि लय जाड झाली म्हणाला. अंगणात बसून त्याने फुटक्या काचेने ती खरवडली, पुन्हा लावली, पुन्हा खरवडली. तारा लावायलाही त्यानेच शिकवलं. संध्याकाळी गिटार अशी बोलली की चुलीपुढच्या बाया उठून दाराशी आल्या. पूनमसिंग धावजीच्या पाया पडायचाच राहिला होता. पडला मात्र नाही, गोर होता ना.

माघात तांड्याचा मुखिया शंकरसिंग नायक, त्याच्या पोराचं लग्न निघालं. पाहुण्यांपुढे मिरवायची नायकाला हौस. धावजीची तीच ती सारंगी कायले ऐकायची, असं म्हणून त्याने पूनमसिंगाला मांडवात बसवलं. नको म्हणायला याची जीभ काय झडली होती? पण कौतुकाला हपापलेला माणूस, बसला. धावजी गवसणीतली सारंगी मांडीवर घेऊन मांडवाच्या कडेला बसून होता. कुणी त्याला गा म्हटलं नाही. पूनमसिंगाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवून दुसरी धून धरली.

त्या मांडवात खेमसिंगही होता. पूनमसिंगाची पोर हंसा त्याच्या मुलाला दिलेली, होळीनंतर लग्न ठरलेलं. होणारा व्याही वाजवतो म्हणून तोही खुशीत मान डोलवत होता.

वाजवणं संपलं. नायक उठला आणि रिवाजाप्रमाणे त्याने गुलाबी पागोटं वाद्यावर ठेवलं. त्या तांड्यात रीत अशी, की वाद्यावर ठेवलेलं दान जो कपाळाला लावेल, तो ढाडी. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पूनमसिंगाने नुसतं म्हणायचं होतं, हे धावजीचं आहे. धावजी हाकेच्या अंतरावर बसला होता. पण लोकांच्या वाहवेने याचं डोकं पार फिरलेलं. त्याने दोन्ही हातांनी पागोटं उचललं आणि कपाळाला लावलं.

कोपऱ्यात कुणी म्हातारी फिस्सकन हसली. नायक म्हणाला, मी तर वाद्याले देल्लं, तुले उचलाले कोनं सांगितलं?

चार दिवसांत खेमसिंगाने सगाईचा नारळ परत पाठवला. ढाडीच्या घरची पोर आम्हाला चालत नाही, असा निरोप. हंसा तांड्यातल्या म्हाताऱ्यांकडून ढावलो शिकत होती, नवरी सासरी जाताना रडत गाते ती गाणी. तिने ते शिकणं सोडलं. मुलगा तिला आवडला होता. बापाला ती काही बोलली नाही, जेवायला वाढायची आणि निघून जायची. ते पूनमसिंगाला शिव्यांपेक्षा जास्त झोंबायचं.

नायकाने एक वाट दाखवली. धावजीने पंचायतीत येऊन सांगायचं, की पागोटं माझंच होतं, माझ्या सांगण्यावरून माझ्या नावानं पूनमसिंगानं उचललं. मग दोष उरत नाही, खेमसिंग नारळ पुन्हा घेईल. खोटं होतं ते, पण पोर वाचत होती.

पूनमसिंग भर दुपारी धावजीच्या झोपडीवर गेला. म्हातारा दोरी वळत बसला होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "येतो मी. पोर माह्या डोळ्यापुढं वाढली. तिच्यासाठी खोटं बोलीन."

पूनमसिंगाचा जीव भांड्यात पडला. उठायला लागला, तर धावजीने हाताने थांबवलं.

"पन एक सांग, पूनमभाऊ. तू एकडाव पागोटं घेतलं तं तुही पोर बाटली. मी जलमभर घेऊन राह्यलो. मंग माह्यं पोरगं काय?"

पूनमसिंग काहीतरी पुटपुटला. रिवाज, पंच, लोक.

"लोकाईचं सोड. माहा सेवादास आता पुसदले शाळेत मास्तर झाला. बिडी नाई, दारू नाई. खेमसिंगाच्या पोराहून चांगला हाय. त्याले दे हंसा. मंग कोनालेच खोटं बोला लागत नाई."

धावजी थट्टेत बोलला की मनापासून, हे पूनमसिंगाला कधीच कळलं नाही. कळायच्या आत तो ताडकन उभा राहिला होता.

"तोंड सांभाळ, ढाडी! कोनासंग बोलून राह्यला तू?"

धावजीच्या हातातली दोरी थांबली. रागावला नाही तो.

"खोटं मी बोललो असतो," तो म्हणाला. "पन ते आपल्या मानसासाठी बोलतेत. तू जाय."

पूनमसिंग गयावया करायला लागला, चुकलो म्हणाला, हातही जोडले. धावजीने पुन्हा मान वर केली नाही. दोरी वळत राहिला.

घरी दारातच रामीबाई आणि हंसा वाट पाहत उभ्या होत्या. कित्येक दिवसांनी हंसा बापाशी आपणहून बोलली.

"येते का धावजीबा?"

वाटभर पूनमसिंगाने ठरवलं होतं, खरं सांगायचं. पण पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याने नजर उंबऱ्याकडे वळवली.

"नाई म्हनते," तो म्हणाला. "लय हाता-पाया पडलो. आपली पोर उजवली जाते हे त्याले पाहवत नाई. शेवटी ढाडीच तो."

हंसा लहान असताना याच धावजीच्या मांडीवर बसून पिढ्या ऐकायची. ती अंगणात थुंकली, त्याच्या नावाने बोटं मोडली आणि आत जाऊन बापाचं ताट वाढायला लागली.