स्फोट कुठं झाला?

विशाखाला दवाखान्याच्या खुणा येत होत्या. ताप, सलाइन, उपाशीपोटी, कधीपासून दुखतंय. पोलीस ठाण्याच्या येत होत्या, बँकेच्याही येत होत्या. कर्णबधिर माणूस आणि काउंटरमागचा माणूस यांच्या मधोमध उभं राहायचं आणि याचं त्याला, त्याचं याला सांगायचं, हेच तिचं काम होतं. ती भाषा ती कुठल्या वर्गात शिकली नव्हती. थोरला भाऊ सुयश जन्मापासून ऐकत नव्हता, त्याच्याशी भांडता भांडता तिचे हात बोलायला लागले. मग पुढं तिनं परीक्षा देऊन कागद मिळवला, एवढंच.

हर्सूलकडच्या एका कर्णबधिर शाळेच्या मुख्याध्यापिकांचा सोमवारी फोन आला.

“विशाखाताई, शुक्रवारी मोकळ्या आहात ना? कॉलेजच्या मेघा मॅडम नववी-दहावीच्या मुलांसमोर बोलायला येतायत. खुणा करून सांगणारे आमचे सर नेमके गाडीवरून पडलेत. उजवा हात प्लास्टरमध्ये.”

“विषय काय आहे?”

“दीर्घिका आणि विश्वाची उत्पत्ती.”

“बाई, मी आर्ट्सची आहे.”

“तुम्हाला कुठं शिकवायचंय? त्या बोलतील तसे हात करायचे.”

हे ऐकायला सोपं वाटलं म्हणून विशाखा हो म्हणाली. संध्याकाळी मोबाइलवर मेघा मॅडमच्या व्याख्यानाची चित्रं आली. पहिल्या चित्रात काळ्यावर पांढरा भोवरा होता. पाचव्या चित्राखाली लिहिलं होतं, ‘दीर्घिका अवकाशातून पळत नाहीत, अवकाशच ताणलं जात आहे.’ तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. प्रत्येक शब्द ओळखीचा होता, आणि सगळे मिळून काय म्हणत होते ते कळत नव्हतं.

सुयश चितेगावच्या कारखान्यातून पाळी संपवून मुकुंदवाडीला घरी आला, हातपाय धुऊन चहा घेऊन बसला, तेव्हा तिनं त्याच्यावरच प्रयोग करायचं ठरवलं. त्याच्यासमोर बसून तिनं आकाश दाखवलं, नदी दाखवली, पुष्कळ तारे दाखवले. आकाशगंगा.

सुयशनं कप खाली ठेवला. “पाणी कुठून येतं?”

“पाणी नाही.”

“मग नदी का म्हणालीस?”

“नाव आहे तसं.”

“पाणी नाही तर नदीचं नाव कशाला ठेवलं?”

तिनं पुढचं घेतलं. दोन्ही मुठी छातीसमोर जुळवल्या आणि झटक्यात उघडल्या. स्फोट. फार मोठा.

सुयश ताडकन उठला. त्याचे हात भराभर चालायला लागले. “कुठं? कुठल्या कंपनीत? किती लोक होते?”

त्याचा चेहरा बघून भामाबाई ओट्यापासून धावत आल्या. “काय झालं गं? कुठं भडका उडाला?”

“कुठं नाही आई. जगाची सुरुवात सांगायलेय त्याला.”

“लेकरू घाबरलं ना माझं!” भामाबाईंचं लेकरू छत्तीस वर्षांचं होतं.

बाजेवर पडलेले वडील, अप्पाराव, उठून बसले. “बुद्धांनी असल्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाय. जग कवा झालं, कवा संपंल, ते ऱ्हाऊ द्या, आधी दुःखाचं बघा म्हनले.”

“मग हिला कशाला लावलं या कामाला?” भामाबाई म्हणाल्या आणि परत ओट्याकडं गेल्या.

शुक्रवारी शाळेच्या मधल्या हॉलमध्ये मुलं सतरंजीवर बसली होती. मेघा मॅडम पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलायला गोड होत्या. त्यांनी विशाखाला शेजारी उभं केलं, “माझा वेग जास्त वाटला तर सांगा हं” म्हणाल्या, आणि सुरू झाल्या.

सुरुवात चांगली गेली. आपला सूर्य हा एक तारा. असे अब्जावधी तारे एकमेकांच्या ओढीनं एकत्र राहतात, त्या समूहाला दीर्घिका म्हणायचं. आपण राहतो त्या दीर्घिकेचं नाव आकाशगंगा. अशा दीर्घिकाही अब्जावधी. विशाखानं या वेळी नदी दाखवलीच नाही. भिंतीवरच्या चित्रातल्या भोवऱ्यासारखं बोट फिरवलं, आणि मुलांनीही बोटं फिरवली. तिला जरा धीर आला.

मग मेघा मॅडम म्हणाल्या, “सुमारे चौदाशे कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि अतिशय तापलेल्या अवस्थेत होतं. तिथून त्याचं प्रसरण सुरू झालं. याला महास्फोट म्हणतात.”

विशाखानं मुठी जुळवल्या आणि उघडल्या. सगळ्या मुलांचे डोळे तिच्या छातीसमोरच्या त्या रिकाम्या जागेवर खिळले.

दुसऱ्या ओळीत संस्कृती नावाची दहावीतली मुलगी बसली होती. तिनं हात वर केला आणि विचारलं, “तो स्फोट कुठं झाला? इथून कुठल्या बाजूला?”

विशाखानं प्रश्न मोठ्यानं सांगितला. मेघा मॅडम खूश झाल्या. “छान प्रश्न! उत्तर असं की, तो एका जागी झाला नाही. सगळीकडं झाला.”

विशाखाचे हात वर आले आणि हवेत थांबले.

बोलणाऱ्या दुभाष्याचं एक बरं असतं. न कळलेला शब्द तो तसाच पुढं ढकलू शकतो. ‘सगळीकडं झाला’ म्हणायला जिभेला काही लागत नाही. हातांचं तसं नव्हतं. हात कुठूनतरी सुरू करावे लागतात, आणि जिथून सुरू होतील ती जागा मुलांच्या लेखी स्फोटाची जागा होते. तिनं मुठी डावीकडं नेल्या. डावीकडं स्फोट झाला. उजवीकडं नेल्या. दुसरा स्फोट झाला. डोक्यावर नेल्या तर वर झाला. मागच्या ओळीत एका मुलानं शेजाऱ्याला विचारलं, “एकूण किती स्फोट झाले?”

“मॅडम, थांबा,” विशाखा म्हणाली. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. “मला कळलं नाही. आणि मला कळल्याशिवाय माझे हात चालत नाहीत.”

मेघा मॅडमनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, पण गोंधळून. “काय कळलं नाही?”

“सगळीकडं म्हणजे कुठं?”

“म्हणजे… आता ही जागा आहे ना, ही खोली, हर्सूलचा तलाव, चंद्र, सगळ्यात लांबची दीर्घिका. या सगळ्या जागा तेव्हा एकमेकींना अगदी खेटून होत्या. स्फोट जागेत झाला नाही. जागाच वाढायला लागली. खरं तर स्फोट हा शब्दच फसवा आहे.”

“मग तो शब्द का ठेवला?” विशाखानं विचारलं, आणि आपण सुयशसारखं बोललो हे तिच्या लक्षात आलं.

मेघा मॅडमनी थोडा विचार केला. “शिवणाची खोली आहे ना इथं? रुंद इलॅस्टिक मिळेल का?”

मुख्याध्यापिकांनी इलॅस्टिक आणलं. मॅडमनी त्याची टोकं बांधून मोठं कडं केलं आणि त्यावर पेनानं ठिपके काढले. चार मुलांना चार बाजूंनी धरायला लावून हळूहळू ओढायला सांगितलं. ठिपके एकमेकांपासून लांब गेले.

“आता तुम्ही या ठिपक्यावर बसलात असं समजा. बाकीचे कुठं चाललेत?”

“लांब,” मुलांनी दाखवलं.

“आणि या दुसऱ्या ठिपक्यावर बसलात तर?”

“तरी लांब.”

“मग मधला ठिपका कुठला?”

मुलं कड्याभोवती फिरून आली. दोघांनी दोन वेगळे ठिपके दाखवले, मग दोघांनीही बोटं मागं घेतली. कड्यावर मधला असा ठिपकाच नव्हता. विशाखाला काहीतरी कळल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात संस्कृतीनं पुन्हा विचारलं.

“इथं ओढायला आम्ही आहोत. तिकडं कोण ओढतं?”

“कुणीच नाही,” मॅडम म्हणाल्या. “आणि कड्याच्या आत आणि बाहेर ही जी मोकळी हवा आहे ना, तीही नाही असं समजा. फक्त इलॅस्टिक आहे.”

“बाहेर काहीच नाही?”

“बाहेर असेल असं मानायची गरज नाही.”

विशाखानं हे सांगितलं खरं, पण तिचे हात ‘बाहेर’ दाखवून ‘नाही’ म्हणाले, आणि दाखवलं म्हणजे ते होतंच. मुलं तिच्या बोटाच्या दिशेनं खिडकीकडं बघायला लागली. खिडकीबाहेर शाळेचा पंप होता.

मग तिनं स्फोटाची खूण सोडून दिली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवली आणि अगदी सावकाश सोडवत पसरली. आवाज नाही, भडका नाही. मुलांना ही खूण नवी होती, म्हणून ती करून बघायला लागली. कुणी आधी, कुणी मागून, आणि मग कसं कोण जाणे, सगळ्यांचे हात बरोबर यायला लागले. हॉलभर बोटं गुंतत होती आणि सुटत होती. दाराशी, खिडकीशी, मागच्या भिंतीशी, पुढं तिच्या पायाशी.

विशाखा बघत राहिली. एकीनं खूण केली तर ती एका जागी होते. सगळ्यांनी केली तर…

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “असं का? सगळीकडं म्हणजे असं?”

मेघा मॅडम मुलांकडं बराच वेळ बघत होत्या. “जवळपास असं,” त्या म्हणाल्या. “मीही गणितानंच ओळखते हो त्याला. डोळ्यांसमोर आणायला गेलं की माझ्यासमोरही ठिणगीच येते, आणि ती चूक आहे हे मला माहीत असतं.”

विशाखाला हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते तिला ठरवता आलं नाही.

संस्कृती मात्र सोडणाऱ्यातली नव्हती. तिनं खांद्यावरून मागं हात टाकला. त्यांच्या भाषेत झालेला काळ पाठीमागं असतो. “त्याच्या आधी?”

“आधी काय होतं ते आपल्याला माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “काही जण म्हणतात, काळही तेव्हाच सुरू झाला, म्हणून आधी हा शब्दच लागू होत नाही. काही जण म्हणतात, असेल काहीतरी. अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.”

विशाखानं हात खांद्यावरून मागं नेला आणि तिथंच अडकली. मागं जागाच नाही हे मागं हात नेल्याशिवाय सांगायचं कसं? शेवटी तिनं सरळ सांगितलं, “माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही. मलाही नाही.” संस्कृतीनं मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. भिंतीवरचा दिवा उघडमीट करायला लागला. शाळेची घंटा तशी होती. मुलं उठली आणि जेवायला गेली. जाताना काही जण अजून बोटं गुंतवून सोडवत होती.

चहा घेताना मेघा मॅडम म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात ताऱ्यांवर बोलायला बोलावलंय त्यांनी. तुम्ही याल ना?”

“येईन. पण आधी मला समजावून सांगावं लागेल. घरी या आमच्या. माझ्या भावाला कळलं तर कुणालाही कळेल.”

मॅडम रविवारी सकाळी खरंच आल्या. भामाबाईंनी पोहे केले. अप्पारावांनी “जयभीम, या बसा” म्हणून खुर्ची पुढं केली आणि आपण बाजेवर ऐकत बसले. सुयशनं प्रश्नांचा सपाटाच लावला आणि विशाखाचे दोन्हीकडचे अर्थ सांगता सांगता पोहे गार झाले.

“थांबा, हे मीच सांगून बघते,” मेघा मॅडम म्हणाल्या. त्यांनी येण्याआधी मोबाइलवर बघून पाचपन्नास खुणा पाठ केल्या होत्या. लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडं पोचायला कोट्यवधी वर्षं लागतात, आपल्याला ती तेव्हाची दिसते, असं त्यांना सांगायचं होतं. त्यांनी अडखळत हात हलवले.

सुयश आधी खदखदून हसला. मग हसायचा थांबला. त्यानं त्यांची खूण स्वतःच्या हातांनी परत करून बघितली, आणि विचारात पडला.

“मी काय म्हणाले?” मॅडमनी विशाखाला विचारलं.

“प्रकाश चालून चालून म्हातारा झाला, असं म्हणालात.”

“अरे देवा. चुकलं का?”

“आता ते मला काय माहीत, मॅडम,” विशाखा म्हणाली. “ते तुम्हीच सांगा.”