दुप्पट वेगाने

मंडईत भाजीचा गाळा असलेले मन्सूरभाई वारज्यात राहणाऱ्या लेकीला, उम्मेहानीला, रोज सकाळी फोनवर स्वतःच्या आवाजात निरोप पाठवत. मेथी कशी आली, कोण भेटलं, सगळं चऱ्हाट! तवा तापलेला, पोरीची वेणी अर्धी, ऑफिसची मीटिंग डोक्यावर. पाच मिनिटांची मेथी ऐकायला वेळ कुणाला? ती अब्बांना दुप्पट वेगाने ऐकायची.

दिवाळीनंतर निरोप आणखी लांबले. एकदा ती वैतागलीच. "अब्बा, थोडक्यात सांगत जा ना."

"बरं बेटा," ते म्हणाले.

पुढच्याच महिन्यात ते गेले. हृदय केव्हाचंच थकलं होतं म्हणे. "बोलताना धाप लागत असणार," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या लक्षात नाही आलं?"

चाळिसावा झाल्यावर तिनं त्यांचा शेवटचा निरोप लावला, पहिल्यांदाच साध्या वेगाने. दुप्पट वेगात जी मंडईची खरखर वाटायची, ती अब्बांची धाप होती.

"मेथी," ते म्हणाले आणि थांबले. बराच वेळ नुसता श्वास. "कोवळी आहे." पुन्हा श्वास.

त्यांनी खरंच थोडक्यात सांगितलं होतं.