गेटवरून माघारी

शालननं खुर्चीवर पडलेला सुहासचा निळा शर्ट उचलून उराशी धरला आणि रेणुकाला बसायला सांगितलं. शर्टावर कंपनीचं नाव होतं. दारूनं यकृत निकामी होऊन तिचा नवरा गेला, त्याला महिना झाला होता.

रेणुका पुण्याहून आली होती, कंपनीच्या व्यसनमुक्ती योजनेचा कितपत उपयोग झाला ते पाहायला. गेटवर कामगारांना दारू ओळखणाऱ्या मशीनमध्ये फुंकायला लावत आणि वर्षभरात एकही जण प्यायलेला सापडला नव्हता. साहेबलोक खूश होते. आंबीच्या या कारखान्यात एवढं पुण्य कुठून आलं, हे मात्र रेणुकाला कळेना.

"भाऊजींमुळं नोकरी टिकली," शालन म्हणाली. दाराशी सुहासचा चुलतभाऊ रतन बसला होता, कंपनीचा वॉचमन. "आमचे हे प्यायलेले दिसले, की भाऊजी गेटवरनंच माघारी धाडायचे. रजा टाक म्हनायचे. मशीनपुढं जाऊच दिलं न्हाई."

"त्यालाच न्हाई, समद्यांनाच," रतन अवघडून म्हणाला. "कुनाच्या पोटावर पाय कसा द्यायचा?"

"सापडले असते तर काढलंच असतं ना, म्याडम?" शालननं विचारलं.

योजना वेगळीच होती. पहिल्यांदा सापडेल त्याची नोकरी राखायची आणि कंपनीच्या खर्चानं त्याला लोणावळ्याकडच्या केंद्रात उपचाराला पाठवायचं. रेणुका सकाळीच ते केंद्र पाहून आली होती. कंपनीनं राखलेल्या खाटा वर्षभर रिकाम्याच होत्या.

"हो," ती म्हणाली. "काढलं असतं."

शालननं सुस्कारा सोडला आणि शर्टाची घडी घालायला घेतली.

रतन रस्त्यापर्यंत सोडायला आला. गाडीपाशी त्यानं टोपी काढली.

"म्याडम, आता खरं सांगा. उपचाराचा बोर्ड माज्याच खुर्चीमागं हाय. लय येळा वाचलाय. पन कंपनी आपल्या मानसावर खर्च करंल, हे पटलंच न्हाई. खरंच धाडलं असतं त्याला?"

 रेणुकानं होकारार्थी मान हलवली.

 रतनचे डोळे भरून आले होते आणि ड्यूटीची वेळही झाली होती.

"वहिनीला मगाशी सांगितलं तेच राहू द्या," तो म्हणाला. "दुपारपाळीला निलेश येईल. झिंगलेलाच असंल. त्याला आज फुंकाया लावतो. लय शिव्या घालंल मला."

टोपी चढवून तो गेटाकडे चालू लागला.