पुस्तकावर वाटी मोफत

रावेरकडे एका केळीला असा घड लागला, की तो ट्रकमध्ये घालून ट्रक चालू केला, तर ट्रक जागीच राहिला आणि खालचा रस्ता मागे सरकला. तेव्हापासून रावेर कोसभर लांब पडतं आणि तिकडची एस.टी. कधीच वेळेवर येत नाही. धुळ्याला एकदा असा वारा सुटला, की एका बाईने नवऱ्याला मारलेली हाक उडून पारोळ्याला गेली. तिथे भलत्याच माणसाने ‘ओ’ दिली. तो माणूस अजून त्या बाईच्या घरी जेवतो आहे आणि नवरा अजून हाकेची वाट बघतो आहे.

या बाता द्रौपदाबाईंच्या. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, त्यांना त्याचं काही नव्हतं. बात सांगताना बाईंचा चेहरा असा सरळ, की ऐकणारा आधी हळहळायचा, मग दचकायचा आणि मग पोट धरून बसायचा. बाई स्वतः मात्र कधी हसल्या नाहीत. सांगणारा हसला की बात फुटते, असं त्यांचं म्हणणं. पितांबर कंडक्टरने उभ्या संसारात बायकोला स्वतःच्या बातेवर हसताना एकदाही पाहिलं नव्हतं.

पितांबरची सगळी नोकरी जळगाव–पारोळा–धुळे रस्त्यावर गेली. दिवसभर लोकांची भांडणं ऐकून तो घरी यायचा, तर जळगावच्या त्यांच्या घराचा ओटा बायाबापड्यांनी भरलेला असायचा आणि मधोमध द्रौपदाबाई. मूलबाळ झालं नाही, पण घर कधी रिकामं वाटलं नाही. मग गल्लीत टी.व्ही. आला. आधी एक घर गेलं, मग शेजारचं, मग समोरचं. ओटा रिकामा पडत गेला. उरलेल्या दोघी-तिघी यायच्या त्याही मान राखायला. केळीचा घड ट्रकपर्यंत पोचायच्या आधीच हसून मोकळ्या व्हायच्या.

पितांबर निवृत्त झाला त्याच वर्षी बाईंच्या पोटात गाठ निघाली. धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि पुढचं सगळं ते खिडकीबाहेर बघत बोलले. परतीच्या बसमध्ये पितांबरला तोंड कुठे लपवावं कळेना. बाईच म्हणाल्या, “अहो, एक सांगू? ओळखीचे लोक तोंडदेखलं हसतात. मला जी ओळखत नाही, अशी एखादी बाई एकदा माझ्या बातेवर हसली पाहिजे. तेवढं झालं की मी जायला मोकळी.”

“हसेल की. पुस्तक छापू.”

“आणि वाचणार कोण? तुमच्या बसचा ड्रायव्हर?”

पण पितांबरने मनावर घेतलं. त्याने बाता उतरवून काढल्या, शहरातल्या एका लहानशा छापखान्यात दिल्या आणि भविष्य निर्वाह निधीतला एक तुकडा मोडून पुस्तक काढलं. ‘द्रौपदाबाईच्या बाता’. मुखपृष्ठावर बाईंचा फोटो, त्याच्याभोवती पानाफुलांची वेलबुट्टी. छापखान्याकडे तेवढीच एक वेलबुट्टी होती.

पुस्तकांचे गठ्ठे घरात आले आणि पलंगाखाली जाऊन बसले. दुकानदार म्हणाले, गाईड असेल तर ठेवतो. वाचनालयाने एक प्रत फुकट घेतली आणि पावती दिली. स्टँडवर पितांबर जुन्या सवयीने ओरडला, “बोला, बाता, बाता!” तर एका म्हाताऱ्याने बस समजून त्याला विचारलं, “अमळनेरवरून जाते का?” संध्याकाळी तो घरी आला की बाई पलंगावरून विचारायच्या, “हसलं का कुणी?” आणि पितांबर पाणी प्यायला आत जायचा.

वाटीची कल्पना देवचंदची. देवचंदचं भांड्यांचं दुकान होतं. विकलेल्या भांड्यावर तो मशिनने कुरकुर कुरकुर करत नाव टाकून द्यायचा.

“कंडक्टर,” तो म्हणाला, “साबणावर चमचा मिळतो. चहाच्या पुड्यावर पेला मिळतो. तुमच्या पुस्तकावर काय मिळतं?”

“पुस्तकावर? बाता मिळतात.”

“त्या बायकांना घरी मिळतात, नवऱ्याकडून. वाटी द्या, स्टीलची. वर बाईंचं नाव टाकून देतो. वाटी घरात गेली, की मागोमाग पुस्तक जातंच.”

देवचंद अक्षरागणिक पैसे घ्यायचा. म्हणून पितांबरने पुस्तकाचं नाव गाळलं, ‘सप्रेम भेट’ गाळलं आणि शेवटी ‘सौ.’सुद्धा गाळलं. वाटीवर एवढंच राहिलं: ‘द्रौपदाबाई पितांबर, जळगाव’.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं, की त्याच्या नावाचं भांडं गणगोतात वाटतात, हे पितांबरला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या स्वतःच्या घरात आईच्या नावाचा तांब्या होता. पण बायको जिवंत असलेल्या माणसाला ते सुचावं कसं?

पारोळ्याच्या बाजारात तो पिंपळाच्या पारावर वाट्यांची चळत मांडून बसला. तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच वाटीवर वाजवला. एक शेतकरीण थांबली. तिने फोटो पाहिला, वाटीवरच्या नावावरून बोट फिरवलं, वाटी कपाळाला लावली आणि कनवटीला हात घालत म्हणाली, “कव्हय गई बिचारी?”

“कुठे जाईल? घरी आहे. जिवंत आहे.”

बाईने विंचू चावल्यासारखी वाटी खाली टाकली. “जित्ती शे? जित्ता मानूसनं नाव टाकीसन वाट्या वाटस? काय मानूस शे रे भो तू!”

तिने चार बायांना सांगितलं, त्या चौघींनी बाजाराला. दुपारपर्यंत वाट्यांना कुणी हात लावला नाही. दूर उभं राहून लोक बोट दाखवत होते. संध्याकाळी घरी गेल्यावर पलंगावरून येणारा तो प्रश्न पितांबरला ऐकू यायला लागला होता. तेवढ्यात बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडून एक पागोटेवाला आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने पुस्तक उचललं, फोटोला नमस्कार केला आणि हळू आवाजात विचारलं, “मालकीण गई का, भाऊ?”

पितांबर ‘हो’ म्हणाला नाही. देवाशपथ, म्हणाला नाही. त्याने फक्त मान खाली घातली.

पागोटेवाल्याने पुस्तक घेतलं, वाटी घेतली, पितांबरच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या मागे दुसरा उभा राहिला. बाजार उठायच्या वेळेस तर रांग लागली. सकाळची शेतकरीणसुद्धा आली आणि म्हणाली, “मंग सकायले खोटं कसाले बोलना, भाऊ? दुख मोठं शे, समजस माले.” पितांबरने मान वर केली नाही. पिशवी रिकामी झाली.

“नेलेली बठ्ठी खपली,” तो घरी येऊन म्हणाला.

बाई उठून बसल्या. “हसलं कुणी?”

“हसलं म्हणजे? लोटपोट! एक पागोटेवाला तर जमिनीवर लोळला.”

“कोणत्या बातेवर?”

“सगळ्याच.”

“थाप कच्ची आहे हो तुमची,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. “थापेत एखादी तरी वस्तू खरी लागते.”

त्यानंतर चार-सहा दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज उठला. पारोळ्याजवळच्या बाईंच्या माहेरगावी कुणाच्या तरी घरी ती वाटी पोचली होती. चुलतबहीण मंजुळाबाई गावातल्या बाया गोळा करून पहिल्या एस.टी.ने निघाली होती. सोबत भिकुबाई नावाची एक नवीनच बाई होती. ती शेजारच्या गावची. तिला जळगावला चष्मा करायचा होता, सोबत मिळाली म्हणून ती आली. रडणाऱ्यांत आपण कोरडं कसं राहायचं, म्हणून तीही पदर डोळ्याला लावून चालत होती.

“द्रौपदा वं! माय वं! आमले न सांगता गई वं!”

द्रौपदाबाई त्या दिवशी उन्हासाठी ओट्यावर बसल्या होत्या, अंगावर गोधडी. बाया ओट्यापाशी आल्या, पदर बाजूला केले आणि एकदम किंचाळल्या. मंजुळाबाई मटकन खाली बसली.

“तू ते जित्ती शेस!”

“शे,” बाई सरळ चेहऱ्याने म्हणाल्या. “पन थांबू नका. इतल्या दूरथून उन्यात, रडी ल्या. मना नावनं कोन कसं रडस, ते माले बी आयकू द्या.”

मग वाट्यांची गोष्ट निघाली. पारोळ्याचा बाजार निघाला. मंजुळाबाईने सगळं सांगितलं, पितांबर कसा मान खाली घालून बसला होता तेही. पितांबर दारातच उभा होता. त्याला वाटलं, ओट्याने तोंड उघडावं आणि आपल्याला पोटात घ्यावं.

“आणि पुस्तक?” बाईंनी विचारलं. “वाचलं का कुणी?”

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. “मरेल बाईनं पुस्तक, कोन उघाडी?” मंजुळाबाई म्हणाली. “देवघरमा ठी दिधं. रोज हळदकुंकू लावतस.”

बाईंनी पितांबरकडे बघितलं नाही. गोधडी सारखी केली, पाठ भिंतीला टेकली आणि चेहरा सरळ केला. तो चेहरा पितांबर ओळखत होता.

“मी मरनू ती बात तुम्हले कोनी सांगी का?” त्या म्हणाल्या. “मी गऊ वर. तठे दरवाजावर एक कारकून. माले म्हने, तिकीट. मी म्हनं, मना नवरा कंडक्टर शे, माले तिकीट लागत नही. तो म्हने, मंग कंडक्टरले बलाव. मी वाकीसन खाले दखं, ते पारोळाना बाजारमा…”

इथे त्या थांबल्या.

“अहो,” त्या पितांबरकडे वळून शहरी मराठीत म्हणाल्या, “बायका इतक्या लांबून आल्यात. दूध आणा चहाला.”

“बात होऊ दे ना.”

“दूध आणा.”

पितांबर तपेली घेऊन निघाला. कोपऱ्यावरच्या गवळ्याकडे दूध संपलं होतं, म्हणून तो पुढच्या चौकात गेला. परत वळला तेव्हा गल्लीतून हसण्याचा असा लोंढा आला, की समोरच्या घरातल्यांनी टी.व्ही. सोडून खिडक्या उघडल्या. तो धावत सुटला. दूध हिंदकळून धोतरावर सांडलं. ओट्यावर पोचला तेव्हा बाया डोळे पुसत होत्या आणि ती चष्मा करायला आलेली भिकुबाई भिंतीला धरून हुंदके दिल्यासारखी हसत होती.

“पुढे काय झालं?” त्याने विचारलं. “बाजारात काय दिसलं?”

“आधी दूध तापवा,” बाई म्हणाल्या.

बाया गेल्यावर त्या थकून झोपल्या. झोपण्याआधी एवढंच म्हणाल्या, “ती चष्मेवाली मला ओळखत नव्हती हो.” पितांबरने पाय चेपता चेपता पुन्हा विचारलं. “उद्या सांगते,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही ‘उद्या’. मग बोलणं कमी झालं, मग पाणी चमच्याने द्यावं लागलं. चमचा धरता धरताही पितांबर त्यांच्या ओठांशी कान लावून बसायचा. उद्या उगवला तो बाईंशिवाय.

तेराव्याला माणसं आली, पण वाटी कुणी घेईना. “आमले मियेल शे,” म्हणत होते. गावोगाव आधीच वाटून झालं होतं. चुलीपाशी उरलेल्या वाट्यांची थोडकी चळत तशीच राहिली.

महिन्याने पितांबर ती चळत घेऊन पुन्हा पारोळ्याच्या पारावर बसला. या खेपेला पुस्तक नव्हतंच. तो पंच वाजवून सांगत होता, “मंजुळाबाईबरोबर जळगावला कोण कोण गेलं होतं? बातेचा शेवट सांगा, वाटी घेऊन जा!”

वाटी मोफत म्हटल्यावर शेवटांना काय तोटा! गेलेल्याही आल्या, न गेलेल्याही आल्या. एक म्हणाली, बाईने वरून वाटी फेकून तुमच्या टाळक्यात मारली. दुसरी म्हणाली, तुम्ही धावत वर गेलात आणि तिचं तिकीट फाडलंत. तिसरी म्हणाली, कारकुनालाच वाटी दिली आणि तो ती कपाळाला लावून रडत बसला. मंजुळाबाईने तर दोन शेवट सांगितले आणि दोन वाट्या नेल्या. पितांबर प्रत्येक शेवट ऐकायचा, ओठांवर घोळवून बघायचा. एकातही द्रौपदाबाई नव्हत्या. तरी तो वाटी द्यायचा.

शेवटची वाटी राहिली तेव्हा भिकुबाई आली. नाकावर नवा चष्मा होता.

“शेवट?” तिने डोकं हलवलं. “शेवट ते तिनी सांगाच नही, भाऊ.”

“नाही कसा? तुम्ही सगळ्या हसत होत्या. मी गल्लीतून ऐकलं.”

“तिनी खाले दखं, बाजारमा तुम्ही दिसनात, मान खाले घालीसन बसेल. इतलंच बोलनी. आनि तिलेच हासू उनं. असं हासू, असं हासू, का तिले पुढलं बोलताच येये ना. तिले दखीसन मंग आम्ही बठ्ठ्या हासनूत.”

बाजार उठत होता. बैल जोडले जात होते. कुणीतरी वांग्यांची टोपली उचलायला हात मागत होतं, ते पितांबरला दिसत नव्हतं.

“ती हसली?” त्याने विचारलं.

“मंग काय! तुम्ही नही दखं?”

“मी दूध आणायला गेलो होतो,” पितांबर म्हणाला.

त्याने शेवटची वाटी धोतराच्या सोग्याने पुसली आणि भिकुबाईच्या हातात ठेवली.