कलमाखालची फांदी

जिना माणसांनी गच्च भरला होता आणि वर गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सिमेंटच्या टाकीतल्या संत्र्याच्या झाडाभोवती मृतात्म्यांशी बोलणाऱ्या महाराजांनी सावकाश फेरी मारली, एक फळ तोडलं आणि शेजारीणबाईंच्या हातात ठेवलं.

"खा माई. जिनं हे झाड लावलं, तिचा तुझ्यावर जीव होता."

"साखर आहे हो," शेजारीणबाई फोड चघळत म्हणाल्या.

दुसरं फळ घरच्या सुनेच्या वाट्याला आलं. तेही तसंच केशरी, टपोरं. पण पहिल्याच फोडीला तिचे डोळे मिटले, तोंड वाकडं झालं.

"झाड एक, माती एक, पाणी एक," महाराज म्हणाले. "मग चवी दोन कशा? जीव अडकला की मूळ अडखळतं, मूळ अडखळलं की रस फिरतो. ही सून घरात आहे तोवर सासूला सुटका नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर अप्पा शिंपी ऐकत होते. गच्ची त्यांची, झाड त्यांच्या बायकोनं लावलेलं. तिला जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. मुलगा नोकरीसाठी परगावी, घरात अप्पा आणि सून दोघंच. दुपारी मशीन थांबवलं की अप्पांना वरून बायकोच्या चपलांची फटफट ऐकू यायची. धापा टाकत वर यावं, तर कुणी नाही. नुसतं झाड सळसळायचं. मग ते त्याच्याशीच बोलत बसायचे. यंदा काही फळं आंबटढाण निघाली तेव्हा त्यांना वाटलं, ही रागावलीय. कुणावर, ते महाराजांनी कालच झाड बघून सांगितलं होतं. आजारपणात जिनं सासूचं सगळं अंथरुणात केलं, तिलाच अप्पांनी आज सकाळी बॅग भरायला सांगितलं होतं.

सून शाळेत विज्ञान शिकवायची. साल हातात घेऊन ती म्हणाली, "महाराज, आता डोळ्यांवर पट्टी बांधून तोडा. आत्मा काही डोळ्यांना दिसत नाही ना?"

"मृतात्म्याची परीक्षा घेऊ नये, बेटा. कोप होतो."

"बरं. मग मी तोडते, तुम्ही खा. तुमच्यावर आईंचा राग असायचं कारण नाही."

तिनं वाकून खालचं एक फळ तोडलं, सोलून पुढे धरलं. महाराजांनी फळ पाहिलंच नाही. त्यांची नजर थेट फांदीवर गेली. "आज आमचा उपवास," ते म्हणाले. मघाशीच त्यांनी बशीभर बिस्किटं संपवली होती.

ती नजर अप्पांनी टिपली. ते उठले. "पोरी, काय आहे त्या फांदीत?"

"काटे, अप्पा. वरच्या फांद्यांना नाहीत." तिनं बुंध्याजवळचा पाचोळा बाजूला सारला. खोडावर जाड गाठ होती. "हे कलम आहे. खाली केशरी फळाच्या जंगली लिंबाचा खुंट, वर गोड संत्रं. गाठीखालून फुटवे येतात. वाढू दिले तर त्यांना खुंटाचीच फळं लागतात, दिसायला संत्र्यासारखी, चवीला आंबट. महाराज काटे बघून फांदी निवडतात. आई हे फुटवे कोवळे असतानाच खुडायच्या. त्यांच्यामागं कुणी खुडलेच नाहीत."

अप्पांनी काटेरी फांदीचं फळ चाखलं, मग वरचं. काटा बोटात घुसला तरी त्यांनी फांदी सोडली नाही.

"म्हणजे ती रागावलेली नाही."

"नाही, अप्पा."

"आणि इथं... नाहीच."

सुनेनं त्यांचा हात धरला. म्हातारा झाडासमोर उभा राहून रडला. बायको गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. तोवर महाराज जिना उतरू लागले होते. त्यांना कुणी अडवलं नाही, कुणी पायाही पडलं नाही.

अप्पांनी डोळे पुसले. "दोन्ही फांद्यांची फळं घेऊन जा," ते गर्दीला म्हणाले. "घरी पोराबाळांना चाखायला द्या, गाठ कुठे असते ते सांगा. आणि मेलेल्या माणसाचं नाव घेऊन जिवंत माणसाला घराबाहेर काढायला कुणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी विचारा, कशावरून? मी विचारलं नाही. तुम्ही विचारा."