कौल नको, हात वर करा

"निर्णय आपण घ्यायचा, देवाकडे फक्त बळ मागायचं," असं माझी आई सांगायची. नगरपालिकेतल्या आमच्या गटाच्या बैठकीत दादूभाऊंनी कौल लावायची गोष्ट काढली, तेव्हा तिचा आवाज अगदी कानाशी आला.

गटनेता निवडायचा होता. पक्षांतरबंदीचा नवा कायदा आल्यापासून त्या पदाला वजन आलं होतं. गटनेत्याने व्हिप काढला की सभेत तसंच मत द्यायचं, नाहीतर नगरसेवकपदावर पाणी सोडायची तयारी ठेवायची. आम्ही नऊ जण. चार दादूभाऊंचे, चार महिपतरावांचे, उरले मी. मला पावसाआधी मच्छीबाजारावर छप्पर हवं होतं. मी मासे खात नाही, पण तिथे बसणाऱ्या मथुराला मी शब्द दिला होता. गेल्या आषाढात ती माशांच्या पाट्यांवर गोणपाट धरून स्वतः भिजत बसली होती.

"देवीपुढे पाकळ्या लावू," दादूभाऊ म्हणाले. "उजवी पडली तर मी, डावी पडली तर महिपत. वाईटपणा कुणाकडेच नको. वहिनी, तुमचं रोजचं व्रत, तुम्हीच गाऱ्हाणं घाला."

सगळ्यांना हायसं वाटलं.

"मी नाही घालणार," मी म्हणाले. ऐकू जाईना म्हणून महिपतरावांनी पंखा बंद करायला लावला. "उद्या छप्पर झालं नाही तर मथुराला काय सांगू, देवीने नको म्हटलं? हात वर करून निवडा. आणि पहिला व्हिप कशाचा काढणार, ते आधी सांगा."

"भाड्याच्या गाळ्यांचा," दादूभाऊ म्हणाले.

"नव्या सभागृहाचा," महिपतराव म्हणाले.

"मग माझा हात कुणालाच नाही."

महिपतरावांच्या बाजूच्या यमुनाबाईंनी चष्मा पुसला. "आणि तुमचा कशाचा असता?"

"छपराचा."

"मग मी तुमचंच नाव सुचवते."

दादूभाऊ हसले. "अहो, व्हिप म्हणजे चाबूक. वहिनींच्या आवाजाने देवघरातली मांजर तरी उठेल काय?"

"चाबूक नकोच," मी म्हणाले. "व्हिप मी स्वतः प्रत्येकाच्या दारात आणून देईन. पहिला तुमच्या."

यमुनाबाईंचा हात वर गेला. मग दादूभाऊंच्याच शेजारी बसलेल्या सखारामचा. त्याची आई त्याच बाजारात पाट्या घेऊन बसायची. त्याने दादूभाऊंकडे पाहिलं नाही. मग एकेक करत इतर. शेवटी महिपतराव पुटपुटले, "सभागृह पुढच्या वर्षी बघू," आणि त्यांनीही हात वर केला. दादूभाऊ तेवढे हाताची घडी घालून बसले. माझं नाव संध्याकाळच्या आत नोंदणीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं.

बाजारात बातमी माझ्याआधी पोचली होती. मथुरा गिऱ्हाईक सोडून उठली.

"वैनी, तुमी तोंड उघडलंत म्हणे."

"उघडावं लागलं गो."

"आता तुमी गप बसा. वरडायचं काम आमचं."

आणि त्या सगळ्याजणी अशा ओरडल्या, की जेटीवरच्या होडीतले खलाशी उभे राहून बघू लागले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते मी लपवलं नाही.

सभेच्या आदल्या सकाळी तुळशीला प्रदक्षिणा घातल्या. सोमवारचा उपास होता. सही केलेले छपराच्या व्हिपचे कागद पदराखाली धरले, चपला घातल्या आणि दादूभाऊंच्या घराच्या वाटेला लागले.