पडद्याची बायांकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. परभणीच्या एका शिंप्याने मांजरपाटाचे तुकडे जोडून मला शिवलं आणि आबासाहेबांच्या तंबू टॉकीजने मला गावोगाव मिरवलं. ताडकळसचा बाजार असो की चारठाण्याची जत्रा, माझ्या दोऱ्या ताणायचं काम पंडित नावाच्या पोराकडे असे. मी इतका पातळ होतो की चित्र दोन्हीकडून दिसायचं. पुरुष समोर बसत, बाया माझ्या मागे. मागून मात्र सगळं उलटं दिसे, उजवं ते डावं.

खरं सांगतो, रडके सिनेमे मला कंटाळवाणे वाटत. माझा जीव कुंगफूच्या सिनेमांवर. चिनी मुलखातला एक काडीपैलवान पोरगा, हातात शस्त्र नाही की पाठीशी कुणी नाही, आणि तो गावाला छळणाऱ्या धटिंगणाला लोळवतो. भाषा कुणाला येत होती? पण दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेल्या माणसांना ती गोष्ट न सांगता कळायची. मठातले भिक्खू दिसले की म्हाताऱ्या बाया भक्तिभावाने हात जोडत. मग भन्तेजी उडी मारून कुणाच्या तरी छातीत लाथ घालत, आणि बायांना हसू आवरत नसे.

त्या बायांत परकरी पोर कुसुम असायची. पुढे तिचं आणि पंडितचं लग्न झालं आणि एक गोड भांडण सुरू झालं. सिनेमातल्या त्या पोराने शेवटचा ठोसा कोणत्या हाताने मारला? तो म्हणे उजव्या, ती म्हणे डाव्या. त्यात दोघांचा संसार झाला.

घरोघर टीव्ही आले आणि तंबू मोडला. आबासाहेबांनी मला पंडितच्या हवाली केलं. मी आधी सोयाबीनच्या ढिगावर पडलो, मग गोदड्यांच्या चळतीवर. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. वाईट वाटायचं, पण माणसं ओळखीची होती.

गेल्या वर्षापासून कुसुमबाई विसरू लागली. दूध उतू जाई, शेजारणीचं नाव आठवेना. अशातच जुना वाद निघाला आणि नात साक्षीने तोच सिनेमा मोबाइलवर शोधून काढला. ठोसा उजव्याच हाताचा निघाला.

"तू इसरायलीस सगळं," पंडित हसत म्हणाला.

त्याने थट्टाच केली होती, पण कुसुमबाई हसली नाही. रात्रीची भाकरीही तिने अर्धीच खाल्ली. साक्षी जवळ येऊन बसली तेव्हा म्हणाली, "पोरी, एवढं एक पक्कं ध्यानात हाय म्हणून मी धीर धरून व्हते. ते बी खोटं निघालं."

गोदड्यांवर पडल्या पडल्या माझा जीव तुटत होता. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

साक्षी परभणीला कराटे शिकते. आजीला जरा बरं वाटावं म्हणून तिने क्लासमधला छोटा प्रोजेक्टर मागून आणला आणि दिवेलागणीला मला अंगणात टांगलं. समोर खुर्च्या मांडल्या. कुसुमबाई पाट घेऊन बाहेर आली आणि सरळ माझ्या मागे जाऊन बसली.

"आई, तिकडं न्हाई, सिनेमा इकडं हाय," मुलगा सिद्धोधन हळूच म्हणाला. त्याने बापाकडे पाहिलं. पंडितने मान खाली घातली. हिला आता एवढंही कळेना, असंच दोघांना वाटलं.

"बायांची बाजू हीच की," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

सिनेमा सुरू झाला. शेजारची पोरं सहज डोकवायला आली आणि मोबाइल खिशात घालून बसली. शेवटची मारामारी आली. ठोसा बसला, तसा मागून कुसुमबाईचा आवाज आला. "अहो, जरा इकडं या."

पंडित गुडघे धरून उठला आणि मागे गेला. इतकी वर्षं माझ्या दोऱ्या बांधल्या, पण माझ्या मागे बसून त्याने कधी सिनेमा पाहिला नव्हता. साक्षीने तेवढा प्रसंग पुन्हा लावला. पोराचा हात उठला. डावा हात.

पंडितने स्वतःचा डावा हात उचलून पाहिला.

"तुझं खरं व्हतं गं," तो म्हणाला. "डावाच हाय."

कुसुमबाईने पदर डोळ्यांना लावला. पंडित पुन्हा खुर्चीकडे गेला नाही. तिच्या शेजारी जमिनीवरच बसला.

दूध अजूनही उतू जातं. पण आता तिला कुणी हसत नाही. मित्रांनो, मला धुऊन, घडी घालून जपा, असं मी म्हणणार नाही. माझं वय झालं. एवढंच मागतो. घरातलं म्हातारं माणूस काही वेगळंच सांगू लागलं, तर त्याला लगेच खोटं पाडू नका. ते कुठे बसून पाहत होतं, हे आधी विचारा.